जुनी लेन्स : वापरायची कशी, जपायची कशी

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

प्रत्येकाच्या घरी एक कपाट असतं. त्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात, लग्नातल्या शालींच्या मागे, एखादी वस्तू वर्षानुवर्षं "जपून ठेवलेली" असते. कुणाकडे रेडिओ, कुणाकडे मनगटी घड्याळ, तर कुणाकडे कॅमेरा. हा लेख त्या कॅमेऱ्याबद्दल आहे, आणि त्यातही त्याच्या तोंडावर बसवलेल्या लेन्सबद्दल. कॅमेऱ्याची बॉडी बिघडली तर शोभेची वस्तू होते. पण लेन्स चांगली असेल तर पन्नास-साठ वर्षांनंतरही ती काम करते.

माझं शिक्षण दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे "अपर्चर"ला मराठीत काय म्हणायचं यावर अडून न बसता जो शब्द तोंडात येतो तोच लिहिते आहे. सरांनी आणि मॅडमनी सांभाळून घ्यावं!

आमच्या संग्रामपूरच्या घरी आजोबांचा झॉर्की-४ नावाचा रशियन कॅमेरा आहे आणि त्यावर ज्युपिटर-८ नावाची ५० मिमीची लेन्स आहे. आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. शाळेचे ग्रुप फोटो, सोनाळ्याची यात्रा, गावातली लग्नं, सगळं त्यांनी या एकाच लेन्सने टिपलं. आता त्यांचा हात थरथरतो, फोकस जमत नाही. मी लेन्स मागितली तेव्हा त्यांनी एकच अट घातली, "वापरशीन त ने. कपाटात ठेवाले त मी बी ठेवतोच." या लेखाचं सार त्या वाक्यात आहे. बाकीचं आता सविस्तर.

रेंजफाइंडर म्हणजे काय?

अंगठा डोळ्यांसमोर धरा. आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. अंगठा जागचा हलल्यासारखा दिसतो. अंगठा जवळ असेल तर जास्त हलतो, लांब असेल तर कमी. रेंजफाइंडर कॅमेरा हेच करतो. त्याला समोरून दोन खिडक्या असतात. दोन्ही खिडक्यांतली चित्रं आतले आरसे एकावर एक आणतात, म्हणून व्ह्यूफाइंडरच्या मध्यभागी एक फिकट दुहेरी चित्र दिसतं. लेन्सची रिंग फिरवत जायचं. दोन्ही चित्रं जुळली की फोकस झाला. सर्व्हेइंगमध्ये सिव्हिलवाले जे ट्रायँग्युलेशन शिकतात, तेच इथे मुठीएवढ्या डब्यात बसवलेलं आहे.

झॉर्की-४ मध्ये दोन खिडक्यांमधलं अंतर, म्हणजे बेस, सुमारे ३८ मिमी आहे. वस्तू १ मीटरवर असेल तर दोन खिडक्यांतून होणारा कोन साधारण २.२ अंश येतो. १० मीटरवर तोच ०.२२ अंश. म्हणजे जवळ अचूकता भरपूर आणि लांब गेलं की कमी. म्हणूनच रेंजफाइंडरवर साधारणपणे ३५ आणि ५० मिमीच्या लेन्स शोभतात, लांब टेलिफोटो नाही.

थोडा इतिहास

ऑस्कर बार्नाक यांचा लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला. लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर असलेला लायका १९३२ चा. त्याची नक्कल सोव्हिएत संघात १९३४ पासून खारकीवमध्ये "फेड" या नावाने होऊ लागली. ती करणारे कोण होते? बेघर मुलांसाठी चालवलेल्या कम्यूनमधली मुलं! शिक्षणतज्ज्ञ मकारेंको तिथेच काम करत. म्हणजे एक प्रकारचं हॉस्टेलच की. हॉस्टेलच्या पोरांनी आधी इलेक्ट्रिक ड्रिल बनवले, मग कॅमेरे.

ज्युपिटर-८ ची कुळकथा वेगळी आहे. लुडविग बर्टेले या जर्मन डिझायनरने झाइस कंपनीसाठी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला "झोनार" लेन्स काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर ते तंत्र सोव्हिएत संघात गेलं आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात ज्युपिटर तयार होऊ लागली. लेन्सवरच्या नंबरचे पहिले दोन आकडे बहुधा बनवल्याचं वर्ष सांगतात. आजोबांच्या लेन्सचा नंबर ६८ ने सुरू होतो, म्हणजे ती १९६८ ची.

या डिझाइनमधली हुशारी बघा. लेन्समध्ये सहा काचा आहेत, पण एक सुटी, तीन एकत्र चिकटवलेल्या आणि दोन एकत्र चिकटवलेल्या, असे तीनच गट. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर कोटिंग नसेल तर साधारण ४ टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. सहा काचा सुट्या ठेवल्या असत्या तर १२ पृष्ठभाग झाले असते आणि सुमारे ६१ टक्केच प्रकाश फिल्मपर्यंत पोचला असता. तीन गट केल्याने पृष्ठभाग सहाच राहतात आणि ७८ टक्के पोचतो. कोटिंगचं तंत्र रुळायच्या आधीच्या काळात हा फरक फार मोठा होता. पण या चिकटवलेल्या काचांची पुढे एक अडचण होते, ती खाली येईलच.

२.६ मिलिमीटरचा खेळ

५० मिमीची लेन्स अनंतावर (इन्फिनिटी) फोकस केलेली असेल आणि वस्तू १ मीटरवर आली, तर लेन्सला फक्त २.६ मिमी पुढे यावं लागतं. १० मीटरच्या वस्तूसाठी ०.२५ मिमी. लेन्स पूर्ण उघडी, म्हणजे एफ २ वर असताना, फिल्म मागे-पुढे साधारण ०.०६ मिमी सरकली तरी चालते, त्यापेक्षा जास्त नाही. ए-फोर कागदाची जाडी ०.१ मिमी असते. आपल्या वर्कशॉपमधल्या व्हर्निअरचा लीस्ट काउंट ०.०२ मिमी. आता लक्षात येईल की लेन्स उघडून परत बसवताना एक पातळ वॉशर हरवला तर काय होतं!

वापरताना

१. रशियन झॉर्की-४ असेल तर आधी फिल्म पुढे घ्या (शटर चढवा), मगच शटर स्पीड बदला. उलटं केलं तर आतली यंत्रणा बिघडू शकते. कुणी हौसेने कॅमेरा हातात मागितला तर देण्याआधी हे सांगा.

२. लेन्सवर टोपी ठेवायची सवय लावा. रेंजफाइंडरमध्ये आरसा नसतो. लेन्समागे थेट कापडी शटर असतं. लहानपणी भिंगाने कागद जाळला आहे ना? तसंच भर उन्हात कॅमेरा सूर्याकडे तोंड करून ठेवला तर शटरला भोक पडतं. आपल्या विदर्भातल्या मे महिन्यात तर बोलायलाच नको.

३. टोपी काढायला विसरू नका. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघत नाही. टोपी लावलेली असली तरी व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र झकास दिसतं, आणि फिल्म कोरी येते!

४. ज्युपिटरच्या अपर्चर रिंगला क्लिक नाही. हात लागला की सरकते. म्हणून शटर दाबण्याआधी एकदा आकडा बघा.

५. मीटर नसेल तर जुना नियम वापरा. लख्ख उन्हात एफ १६ आणि शटर स्पीड फिल्मच्या आयएसओएवढा. ४०० ची फिल्म असेल तर १/५००. ढगाळ असेल तर अपर्चर एक-दोन घरं उघडा.

६. दिवसा फोकस जुळवत बसू नका. एफ ८ ला १० मीटरवर रिंग ठेवली तर साधारण ५ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. आजोबा यात्रेत असंच करायचे. माणूस हसला की लगेच फोटो, रिंगला हात नाही. उलट एफ २ ला २ मीटरवरच्या चेहऱ्यासाठी जेमतेम १९ सेंटिमीटरची खोली मिळते. नाक स्पष्ट आणि कान धूसर, असा प्रकार होतो. तिथे मात्र डोळ्यावरच फोकस करा.

७. जवळचा फोटो काढताना वर थोडी जागा सोडा. व्ह्यूफाइंडर लेन्सच्या वर आहे, त्यामुळे त्याला दिसतं ते सगळं लेन्सला दिसत नाही. जुन्या अल्बममध्ये डोक्यावरची टोपी कापलेले काका दिसतात, त्याचं कारण हेच.

आधी तपासणी : मोबाइलचा टॉर्च पुरेसा

लेन्स हातात आली की लगेच पुसायला घेऊ नका, आधी तपासा. अपर्चर पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च लावा आणि समोरून थोडं तिरकं बघा. चार गोष्टी दिसू शकतात.

धूळ : सुटे ठिपके. थोडीफार प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असते. दुर्लक्ष करा.

धुकं : काचेवर एकसारखा पांढरट थर. बहुतेकदा आतल्या ग्रीसची वाफ थंड होऊन बसलेली असते. फोटो फिकट येतात.

बुरशी : कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा झाडाच्या मुळांसारखे धागे.

सेपरेशन : कडेला इंद्रधनुष्यी रंगाचं वलय. चिकटवलेल्या काचा सुटायला लागल्या आहेत. यावर घरगुती उपाय नाही.

घाबरून जायचं मात्र कारण नाही. ५० मिमी एफ २ लेन्सचं तोंड साधारण २५ मिमी व्यासाचं असतं, म्हणजे क्षेत्रफळ ४९० चौरस मिमी. त्यावर १ चौरस मिमीचा डाग असेल तर ०.२ टक्के प्रकाश अडतो. तो फोटोत दिसतसुद्धा नाही. मोठा थर पसरला, किंवा समोरून ऊन आलं, की मात्र फोटोतला काळेपणा राखाडी होतो.

आपल्याकडचं हवामान आणि बुरशी

संग्रामपूर म्हणजे उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला पूर्णेचं खोरं. उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीला ओल येते. लेन्सला दोन्ही वाईट. उन्हाळ्यात ग्रीस पातळ होऊन अपर्चरच्या पात्यांवर येतं, पावसाळ्यात बुरशी धरते. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतातच. त्यांना हवी असते ओल, अंधार आणि न हलणारी हवा. कपाटातल्या कातडी केसमध्ये या तिन्ही गोष्टी मिळतात! कातडं ओल धरून ठेवतं आणि बुरशीला खाद्यही पुरवतं. म्हणजे ज्या केसमध्ये आपण लेन्स "जपून" ठेवतो, तीच तिची सगळ्यात वाईट जागा. आजोबांच्या लेन्सला बुरशी लागली ती वापरामुळे नाही, वीस-बावीस वर्षांच्या विश्रांतीमुळे.

बुरशी काचेवर आम्ल सोडते आणि ते आधी कोटिंग, मग काच कोरतं. लवकर काढली तर खूण राहत नाही. उशीर झाला तर बुरशी जाते, पण कोरलेली रेघ कायमची राहते.

साफसफाई : क्रम महत्त्वाचा

लेन्सवरच्या कोटिंगची जाडी साधारण ०.१ मायक्रॉन असते. माणसाच्या केसाच्या जाडीचा सातशेवा वगैरे हिस्सा. उलट धुळीतले क्वार्ट्झचे कण काचेपेक्षा कठीण असतात. कोरडा रुमाल फिरवला की आपण सँडपेपर फिरवतो आहोत असं समजा. म्हणून क्रम असा :

१. रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते.

२. मऊ ब्रशने हलकेच झटका. हा ब्रश दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही.

३. एवढ्याने भागलं तर थांबा! बहुतेक वेळा भागतं.

४. बोटाचा ठसा असेल तर लेन्स टिश्यूवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब घ्या. थेंब टिश्यूवर टाकायचा, काचेवर कधीच नाही, कारण तो कडेने आत शिरतो. मधून बाहेर, गोल गोल, दाब न देता. प्रत्येक वेळी टिश्यूचा नवा भाग.

टाळायच्या गोष्टी : ओढणी, टी-शर्ट, टूथपेस्ट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर. आणि आपल्या भागासाठी खास सूचना : नळाचं किंवा बोअरचं पाणी अजिबात नको. आपण खारपाणपट्ट्यात राहतो. आपल्या पाण्याचा थेंब वाळला की स्टीलच्या ग्लासवर पांढरा डाग राहतो, तोच लेन्सवर राहील. पाणी लागलंच तर बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर आणा.

रिंग जड झाली असेल तर शिलाई मशीनचं तेल सोडायचा मोह होतो. अजिबात सोडू नका. तेल धातूवरून पसरत पात्यांवर जातं आणि त्याची वाफ काचेवर बसून धुकं होते. जड रिंगला एकच इलाज : जुनं ग्रीस पूर्ण काढून नवं, योग्य जातीचं ग्रीस अगदी कमी लावणं. ते माहीतगाराचं काम.

उघडायची की नाही?

हा खरा प्रश्न. आमच्या लेन्सच्या मागच्या गटावर आतून बुरशी होती. एका मोठ्या शहरातल्या दुरुस्ती करणाऱ्यांनी लेन्स न उघडताच "भंगारात द्या" असं सांगितलं. दुसऱ्या एकांनी काच पॉलिश करून देतो म्हटलं. पॉलिश केली की बुरशीबरोबर कोटिंगही जातं आणि काचेचा आकारही बिघडतो. आजोबा तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, तुटली त काय करशीन?" घरात लेन्स एकच, आणि अशी लेन्स पुन्हा आजोबांच्या हातची होणार नाही. दोन आठवडे मी फक्त ड्रॉइंग काढत बसले.

शेवटी एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांनी मदत केली. घड्याळवाल्यांकडे नेमके स्क्रू-ड्रायव्हर, डोळ्याला लावायचं भिंग आणि मुख्य म्हणजे स्थिर हात असतो. आम्ही ठरवलं ते एवढंच : जेवढं लागेल तेवढंच उघडायचं. हेलिकॉइड (फोकसचे आटे) सोडवायचे नाहीत. अशा आट्यांना बऱ्याचदा अनेक स्टार्ट असतात; मशीन ड्रॉइंगमध्ये आपण मल्टिस्टार्ट थ्रेड काढतो तेच. सुटले आणि चुकीच्या स्टार्टवर बसले तर इन्फिनिटीच हरवते. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढला, पेन्सिलने खुणा केल्या, आणि काचांच्या गटामागची पातळ धातूची शिम सगळ्यात आधी डबीत ठेवली. हीच ती ०.०६ मिमीची इभ्रत!

काच पुसायला केमिस्टकडचं ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, मग डिस्टिल्ड वॉटर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, सगळं टिश्यूवर थेंब घेऊन. चिकटवलेला गट कशातही बुडवायचा नाही, नाहीतर कडेने द्रव शिरून चिकट सुटतो. बुरशी गेली. एक बारीक रेघ राहिली. ती काढायच्या मागे आम्ही लागलो नाही.

परत बसवल्यावर तपासणी करायची. कॅमेऱ्याचं मागचं झाकण काढून फिल्मच्या जागी दुधी चिकटपट्टी ताणून लावा, शटर "बी" वर उघडं धरा, आणि लेन्स पूर्ण उघडी ठेवून लांबची वस्तू बघा. आम्ही सातपुड्याची कड आणि गावातली पाण्याची टाकी घेतली. इन्फिनिटीला पट्टीवर ती स्पष्ट दिसली पाहिजे आणि त्याच वेळी रेंजफाइंडरची दोन्ही चित्रंही जुळली पाहिजेत. मग टेप लावून १ मीटरवर तेच. दोन्हीकडे जुळलं तर लेन्स आणि कॅमेरा एकमेकांशी खरं बोलत आहेत.

ठेवायची कुठे?

कातडी केस वेगळी ठेवा. लेन्स झाकणाच्या हवाबंद प्लास्टिक डब्यात, सोबत सिलिका जेल. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्के असली की उत्तम. छोटा हायग्रोमीटर डब्यात टाकला की कळतं. नारिंगी रंगाचं सिलिका जेल ओल धरलं की हिरवं होतं. वेगळ्या जुन्या कढईत (मेसच्या नाही!) मंद आचेवर रंग परत येईपर्यंत तापवलं की पुन्हा वापरता येतं. डबा उन्हाच्या खिडकीत किंवा बंद गाडीत ठेवू नका. आणि महिन्यातून एकदा तरी लेन्स बाहेर काढा, दोन्ही रिंगा टोकापासून टोकापर्यंत फिरवा, चार फोटो काढा. हवा खेळते, ग्रीस एका जागी बसत नाही, आणि काही बिघडत असेल तर वेळेत कळतं.

फिल्म परवडत नाही, मग?

फिल्म आज महाग आहे, हे खरं. पण लायका थ्रेडचा (एम ३९) अॅडाप्टर घेतला की हीच लेन्स मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावर बसते. आपल्या क्लबच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे, त्यामुळे ५० मिमी लेन्स साधारण ७५ मिमीसारखी दिसते, चेहऱ्यांसाठी छान. एक सावधगिरी : झेनिट कॅमेऱ्याच्या जुन्या लेन्सलाही ३९ मिमीचेच आटे असतात, पण त्यांना फिल्मपासून ४५.२ मिमी अंतर लागतं आणि रेंजफाइंडर लेन्सला २८.८ मिमी. आटे बसले म्हणजे लेन्स जुळली असं नाही. विकत घेताना हे आधी विचारा. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात जुन्या कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. तिथे गेलात तर खिशात टॉर्च असू द्या.

तर मित्रांनो, येत्या सुट्टीत घरी गेलात की त्या वरच्या कप्प्यात हात घाला. कॅमेरा सापडला तर विकायच्या किंवा भंगारात द्यायच्या आधी मागून टॉर्च लावून बघा. आणि घरात ज्यांनी तो वापरला असेल, त्यांच्या हातात एकदा द्या. ते कुठला फोटो कधी काढला हे सांगायला लागतील. तेही ऐकून आणि लिहून ठेवा. त्यासाठी सिलिका जेल लागत नाही. आमच्या लेन्समधली ती बारीक रेघ अजून आहे. गेल्या पोळ्याला तिच्यातूनच मी आजोबांचा फोटो काढला. एफ २, दोन मीटर, डोळ्यावर फोकस. रेघ कुठेच दिसत नाही.